तत्त्वज्ञानाच्या अध्ययनाची पूर्वतयारी आणि मराठी वैचारिक गद्य : जयगड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

विद्यापीठीय स्तरावर तत्त्वज्ञान शिकू इच्छिणाऱ्या आणि पुढे प्राध्यापकीचा विचार करणाऱ्या ग्रामीण मराठी विद्यार्थ्याची पूर्वतयारी कशी व्हावी, या प्रश्नाची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे. मराठीतील इतिहासपर ग्रंथ व कोश, लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'तील दोन प्रकरणे आणि १९८३ चा पुणे येथील संवाद यांची चिकित्सा करून, माहितीची तयारी आणि युक्तिवादाची तयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे. प्रचलित पात्रता परीक्षा पहिलीला उत्तेजन देते. दुसरीची साधने मात्र मराठीत उपलब्ध असूनही ती त्या दृष्टीने वाचली जात नाहीत.

प्रस्तावना

शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते तेथे जयगड वसले आहे. खाडीच्या मुखावरील किल्ला, मासेमारी, पलीकडच्या गुहागर तालुक्याशी जोडणारी तर आणि आता आधुनिक बंदर व औष्णिक वीज प्रकल्प अशी या गावाची ओळख सांगता येते. रत्नागिरी जिल्ह्याला विद्वत्तेची परंपरा आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे याच जिल्ह्यातील. तथापि, परंपरेचा अभिमान आणि परंपरेत प्रवेश या एकच गोष्टी नव्हेत. जयगड परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने बारावीनंतर तत्त्वज्ञान हा विषय निवडावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती काय द्यावे, या प्रश्नाला तेथील अध्यापकाजवळ सिद्ध उत्तर नसते. घरची मंडळी विचारतात, 'हे शिकून पुढे काय?' अध्यापक विचारतो, 'याची सुरुवात कोठून करावी?' हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे परस्परांशी निगडित आहेत.

पूर्वतयारीचे दोन अर्थ

'पूर्वतयारी' या शब्दाने सामान्यतः पुढील अभ्यासक्रमात येणाऱ्या गोष्टींची आगाऊ माहिती अभिप्रेत असते. इतिहास किंवा अर्थशास्त्र यांसारख्या विषयांत ही समजूत फारशी बाधत नाही. तत्त्वज्ञानात मात्र ती दिशाभूल करते. प्लेटो, देकार्त, कांट, शंकराचार्य, नागार्जुन यांची मते क्रमाने सांगू शकणारा विद्यार्थी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक असतोच असे नाही. एखाद्या मताच्या समर्थनार्थ दिलेली आधारविधाने कोणती, त्यांवरून निष्कर्ष निघतो काय, न निघाल्यास उणीव नेमकी कोठे आहे आणि प्रतिपक्षी तिचा लाभ कसा घेईल, हे ज्याला सांगता येते त्याची तयारी दुसऱ्या प्रकारची असते. पहिली तयारी स्मरणाची, तर दुसरी सवयीची म्हणता येईल. स्मरण महिनाभराच्या परिश्रमाने वाढविता येते. सवय लागण्यास वर्षे जातात, म्हणूनच ती लवकर सुरू होणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. सत्यता कोष्टक, निगामी सिद्धता, तर्कदोष, विगामी अनुमान असे घटक त्यात येतात. हा विषय उपलब्ध असणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय, परंतु तो गुण मिळवून देणारा विषय म्हणून शिकविला जातो. सत्यता कोष्टक अचूक मांडणारा विद्यार्थी वृत्तपत्रातील अग्रलेखामधील निष्कर्ष वेगळा काढू शकत नाही, असा अनुभव अनेक अध्यापकांना येतो. चिन्हांकित तर्कशास्त्र आणि गद्यातील युक्तिवाद यांच्यामधील पूल पाठ्यपुस्तकात नसतो. तो वाचनातून बांधावा लागतो.

इतिहासपर ग्रंथ आणि कोश : सामर्थ्य व मर्यादा

मराठीत तत्त्वज्ञानाचे साहित्य अल्प आहे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. ग. ना. जोशी यांनी 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' तीन खंडांत सिद्ध केला आणि पुढे भारतीय तत्त्वज्ञानाचा बृहद् इतिहासही लिहिला. श्रीनिवास दीक्षित यांचे 'भारतीय तत्त्वज्ञान' हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हाताळले. अमळनेर येथे प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर ही तर देशपातळीवरील संस्था होती.

या साहित्याने परिभाषेचे मोठे कार्य केले. 'ज्ञानमीमांसा', 'सत्ताशास्त्र', 'प्रागनुभविक' यांसारखे शब्द आज अध्यापक सहज वापरतात, त्यामागे या पिढीचे श्रम आहेत. तरीही प्रवेशिका म्हणून या ग्रंथांकडे पाहिले असता एक उणीव जाणवते. इतिहासपर ग्रंथात मत प्रथम येते, त्याचे समर्थन संक्षेपाने येते आणि त्यावरील आक्षेप बहुधा प्रकरणाच्या अखेरीस 'परीक्षण' या शीर्षकाखाली क्रमांक देऊन येतात. परिणामी मत हे निष्कर्षासारखे न भासता परिचयपत्रासारखे भासते. विद्यार्थी 'देकार्त द्वैतवादी होता' असे लिहितो. देकार्तला द्वैत मानणे का भाग पडले, हे त्याला सांगता येत नाही. हा दोष ग्रंथकारांचा नाही, कारण इतिहास लिहिणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते. दोष आहे तो इतिहासालाच प्रवेशद्वार मानण्याच्या आपल्या प्रथेचा.

'गीतारहस्य' : प्रवेशिका म्हणून वाचन

या पार्श्वभूमीवर एका परिचित ग्रंथाकडे वेगळ्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले गेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे वाचन आजवर प्रामुख्याने गीतेचे भाष्य म्हणून किंवा राष्ट्रीय चळवळीचा दस्तऐवज म्हणून झाले. नीतिशास्त्रातील युक्तिवादाची पाठशाळा म्हणून ते क्वचितच वर्गात आणले जाते.

'कर्मजिज्ञासा' हे दुसरे प्रकरण या दृष्टीने लक्षणीय आहे. टिळक येथे सिद्धान्ताने आरंभ करीत नाहीत. ते पेच मांडतात. शेक्सपिअरच्या हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांच्यापासून महाभारतातील प्रसंगांपर्यंत, दोन कर्तव्ये एकमेकांवर आदळली म्हणजे काय करावे, हा प्रश्न ते वारंवार उभा करतात. कर्णपर्वातील कौशिकाची कथा त्यात येते. लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरेपणाने सांगणाऱ्या या तपस्व्याला सत्य बोलूनही पाप लागले. त्याच ओघात टिळक सिज्विक, लेस्ली स्टीफन यांसारख्या इंग्रज नीतिशास्त्रज्ञांनी सत्याला मान्य केलेले अपवाद सांगतात. वाचक अशा रीतीने सामान्य नियमाकडून अपवादाकडे आणि अपवादाकडून 'अपवाद ठरविण्याचा नियम कोणता?' या प्रश्नाकडे नेला जातो. नीतिशास्त्राच्या कोणत्याही चांगल्या प्रवेशिकेचा क्रम हाच असतो. कौशिकाच्या कथेशेजारी कांटचा १७९७ मधील निबंध ठेवावा. आश्रयास आलेल्या मित्राचा पाठलाग करणाऱ्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, असे कांट तेथे म्हणतो. अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा हा विरोध आहे आणि पदव्युत्तर वर्गातही तो संपत नाही.

'आधिभौतिक सुखवाद' या चौथ्या प्रकरणात टिळक उपयुक्ततावादाची परीक्षा करतात. अधिकांचे अधिक सुख ही कसोटी कर्माच्या बाह्य परिणामावर अवलंबून असल्याने कर्त्याच्या बुद्धीचा निवाडा तिला करता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्यासाठी ते अमेरिकेतील एका मोठ्या शहराचे उदाहरण घेतात. लोकांच्या सोयीची ट्रामगाडी लवकर सुरू व्हावी म्हणून तिच्या चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. गाडीने लोकांचे सुख वाढले, तरी लाच देणारा दोषी ठरला. परिणाम हीच कसोटी असती तर तो दोषी का ठरावा, असा टिळकांचा सवाल आहे. अमूर्त सिद्धान्ताला एका मूर्त उदाहरणाने अडविण्याची ही पद्धती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम आत्मसात करावी अशी आहे.

टिळकांच्या युक्तिवादाची मर्यादा

परंतु ग्रंथ प्रवेशिका म्हणून वाचावयाचा तर त्याच्याशी वाद घालणेही क्रमप्राप्त आहे. ट्रामगाडीच्या उदाहरणाने उपयुक्ततावाद खरोखर कोसळतो काय?

मिल याने आपल्या 'युटिलिटेरिअनिझम' या ग्रंथात दोन गोष्टींमध्ये भेद केला होता. कर्ता काय घडवून आणू इच्छितो तो त्याचा संकल्प आणि ज्या भावनेने तो ते इच्छितो तो प्रेरक हेतू. बुडणाऱ्यास वाचविणाऱ्याला बक्षिसाची आशा असली तरी त्याचे कर्म योग्यच राहते, असे मिल म्हणतो. यावर एका टीकाकाराने आक्षेप घेतला, की एखादा जुलमी राजा शत्रूला पुढे हालहाल करण्यासाठीच पाण्यातून बाहेर काढील, तर तेही योग्य मानावे काय? मिलचे उत्तर असे की, तेथे संकल्पच भिन्न असल्याने कर्मही भिन्न आहे. ते 'वाचविणे' नसून छळाची पहिली पायरी आहे. हा भेद ट्रामगाडीला लावला तर उपयुक्ततावादी असे उत्तर देऊ शकेल : चालकाचे कर्म 'ट्राम सुरू करणे' एवढेच नव्हते, 'लाच देऊन परवानगी मिळविणे' हे होते. या कर्माच्या परिणामांत सार्वजनिक व्यवस्थेवरील विश्वासाचा ऱ्हासही मोजावा लागतो. तो मोजला तर लाच परिणामांच्या कसोटीवरही निंद्य ठरते.

टिळकांना मिलच्या या भेदाची जाणीव आहे. तथापि त्याची दखल घेऊन ते त्वरित पुढे जातात. प्रतिपक्षाला उत्तराची पुरती संधी मिळत नाही. याचे कारण ग्रंथाच्या रचनेत आहे. आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे तीन पक्ष टिळकांनी मांडले. ही त्रयी मांडताना कोंत याच्या तीन अवस्थांचा ते निर्देश करतात आणि कोंतने सर्वांत वरची मानलेली अवस्था खालच्या पायरीवर आणतात. पायऱ्या अगोदर ठरल्या असल्याने प्रत्येक पक्ष पुढच्या पायरीकडे नेण्यापुरताच बोलतो. पूर्वपक्षाची मांडणी त्यात आहे, परंतु त्या पूर्वपक्षाला पुन्हा तोंड उघडता येत नाही.

ही मर्यादा दाखविल्याने ग्रंथाचे महत्त्व उणावत नाही, उलट तो अध्यापनास अधिक योग्य ठरतो. ज्या ग्रंथात वाद आहे त्याच्याशीच वाद घालता येतो. ट्रामगाडीचा परिच्छेद आणि मिलची ती तळटीप समोरासमोर ठेवून दोन पृष्ठांचे टिपण लिहिणारा विद्यार्थी, दहा 'वादां'च्या व्याख्या पाठ करणाऱ्यापेक्षा विद्यापीठीय अध्ययनाला अधिक सिद्ध असतो.

एका शब्दाची अडचण : 'विधान'

दुसरे उदाहरण तर्कशास्त्रातील आहे. 'विधान' हा तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील अगदी पहिला शब्द. जे सत्य किंवा असत्य असते ते विधान, असे विद्यार्थी शिकतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. याच कल्पनेवर १९८३ मध्ये पुणे येथे नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ यांच्यात संवाद घडून आला. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण हे त्यामागील प्रमुख अभ्यासक होते. बर्ट्रंड रसेलची विधानविषयक उपपत्ती संस्कृतात मांडून पंडितांसमोर ठेवण्यात आली. या चर्चेचा 'संवाद' हा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथील अडचण केवळ भाषांतराची नव्हती. न्यायदर्शनात यथार्थता व अयथार्थता ही ज्ञानाची असते. वाक्य आहे आणि त्यापासून होणारा शाब्दबोध आहे. या दोहोंहून निराळी, कोणाच्याही मनात नसतानाही सत्य किंवा असत्य असणारी अशी वस्तू मानण्याची नैयायिकाला गरज भासत नाही. मग रसेलला ती का भासली? 'विधान' हा मराठी शब्द वापरताना आपण नकळत कोणाची बाजू घेतो? पाठ्यपुस्तकातील एका ओळीच्या व्याख्येमागे असा प्रश्न दडलेला असतो. मराठी माध्यमाचा विद्यार्थी या बाबतीत उणा नाही. दोन परंपरांच्या परिभाषा त्याच्या भाषेत एकत्र नांदत असल्याने हा प्रश्न त्याला अधिक लवकर दिसू शकतो. अट एवढीच की अध्यापकाने त्याला व्याख्येपाशी थांबू द्यावे.

मराठी नियतकालिकांनीही अशा वाचनाची सोय केली होती. रेगे यांच्या संपादनाखालील 'नवभारत', दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरात सुरू केलेला 'आजचा सुधारक' यांत तात्त्विक प्रश्नांची चर्चा सामान्य सुशिक्षितांच्या भाषेत होत असे. देशपांडे हे खंदे विवेकवादी, तर परंपरेशी संवाद साधण्याकडे रेगे यांचा कल. दोघांचेही गद्य नितळ आणि युक्तिवाद उघडा. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जेथे हे जुने अंक शिल्लक असतील तेथे ते रद्दीत जाऊ न देणे हेही पूर्वतयारीचेच काम होय.

गावातील प्रश्न

युक्तिवादाची सवय केवळ ग्रंथांतून लागत नाही. जयगडला प्रत्येकी ३०० मेगावॅटचे चार संच असलेला कोळशावरील वीज प्रकल्प २०१०-११ मध्ये कार्यान्वित झाला. आंबाबागांवरील त्याच्या संभाव्य परिणामाचा प्रश्न तत्पूर्वीच न्यायालयापर्यंत गेला होता. येथे पक्ष घेण्याचा हेतू नाही. तथापि या वादात तत्त्वज्ञानाचे किती प्रश्न गुंतले आहेत, हे पाहण्याजोगे आहे. एखाद्या वर्षी मोहोर गळाला तर त्याचे कारण धूर, अवकाळी पाऊस की कीड, हे कोणत्या पद्धतीने ठरवावे? हा विगामी अनुमानाचा प्रश्न आहे. हानी होणार नाही हे प्रकल्पाने सिद्ध करावे, की हानी होईल हे बागायतदाराने? हा सिद्धतेच्या भाराचा प्रश्न आहे. दूरच्या शहरांतील अनेकांचा प्रकाश आणि जवळच्या थोड्यांची उपजीविका एकाच तराजूत घालता येतील काय? हा नेमका 'आधिभौतिक सुखवादा'चा प्रश्न आहे. जो विद्यार्थी या वादातील दोन्ही बाजूंची मांडणी, आपले मत बाजूला ठेवून, प्रतिपक्षालाही मान्य होईल अशा शब्दांत करू शकेल, त्याची तयारी झाली असे समजावे.

परीक्षा, भाषा आणि प्राध्यापकी

आता घरच्या मंडळींच्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन अध्यापनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली. २०११ पर्यंत तिची तिसरी प्रश्नपत्रिका वर्णनात्मक होती. उमेदवाराला सलग लिहून विचार मांडावा लागे. जून २०१२ पासून संपूर्ण परीक्षा वस्तुनिष्ठ झाली. २०१८ पासूनच्या रचनेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. एवढ्या अवधीत आठवता येते, परंतु विचार करता येत नाही. ज्या विषयाचे सत्त्वच सावकाश विचारात आहे, त्याच्या अध्यापकाची निवड या गतीने व्हावी, यातील विसंगती स्पष्ट आहे.

भाषेचा प्रश्न याहून तीव्र आहे. या परीक्षेची तत्त्वज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय घेऊन मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा आहे, हे लक्षात घेता ही तफावत विचार करावयास लावते. प्रशासकाला मराठीतून तात्त्विक विचार मांडता येतो, तत्त्वज्ञानाच्या भावी अध्यापकाला मात्र नाही. म्हणून मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला इंग्रजीची तयारी टाळून चालणार नाही. ती मात्र मार्गदर्शिकांतून न होता मूळ ग्रंथांतून व्हावी. रसेलचे १९१२ मधील 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसफी' हे छोटे पुस्तक आठवड्याला दोन पृष्ठे या बेताने, मराठीत टिपणे काढीत वाचले, तर भाषा आणि विषय यांची तयारी एकत्र होते.

नियमांची अस्थिरताही विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे. विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याची २०१८ ची तरतूद प्रथम पुढे ढकलली गेली आणि २०२३ मध्ये नेट, सेट अथवा स्लेट ही किमान अर्हता ठरविण्यात आली. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या नियमांनी बंद झाली. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी नेटचे गुण ग्राह्य धरण्याची पद्धत २०२४ पासून आली. याशिवाय तत्त्वज्ञान हा बहुतेक ठिकाणी ऐच्छिक विषय असल्याने विद्यार्थिसंख्या घटली की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद जाते आणि उरते ते तासिका तत्त्वावरील अध्यापन. ज्या घरात होडी किंवा बाग हेच उत्पन्नाचे साधन आहे, त्या घरातील मुलाला हे पहिल्याच वर्षी सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे. विषयाला विद्यार्थी मिळावा म्हणून हे दडविणे हा सत्याचा कोणत्याही नीतिशास्त्राला मान्य होणारा अपवाद नव्हे.

समारोप

माहितीची तयारी विद्यार्थ्याला परीक्षेपर्यंत नेते. नोकरी न मिळाल्यास तिचे फारसे काही उरत नाही. युक्तिवादाची तयारी नोकरीची हमी देत नाही. परंतु विधी, पत्रकारिता, प्रशासन किंवा ग्रामसभा यांपैकी कोठेही तो गेला तरी ती त्याच्याबरोबर राहते. म्हणून ज्या विषयात प्राध्यापकीची शाश्वती कमी, त्यात दुसऱ्या प्रकारच्या तयारीवरच भर देणे व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाचे आहे.

यासाठी नव्या योजनेची वा निधीची आवश्यकता नाही. आठवड्याला एक तास, पाच-सहा विद्यार्थी, 'कर्मजिज्ञासा' हे एक प्रकरण आणि वर्षाअखेरीस प्रत्येकाचा एक निबंध, ज्यात टिळकांना निदान एक आक्षेप घेतलेला असेल आणि त्या आक्षेपाला टिळकांच्या बाजूने उत्तरही दिलेले असेल. एवढे झाले तर मुंबई अथवा पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात पाऊल ठेवणारा जयगडचा विद्यार्थी तेथील चर्चेत पहिल्या दिवसापासून बोलू शकेल. आणि तो तेथवर गेला नाही, तरी गावातल्या पुढच्या वादात दोन्ही बाजू नीट ऐकणारा एक माणूस वाढलेला असेल.